नखाएवढ्या कार्डातला वाघ

प्रश्न : आमचं गाव नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. वनविभागाची माणसं झाडांना ट्रॅप कॅमेरे बांधतात, काही दिवसांनी येऊन त्यातलं कार्ड काढून नेतात आणि लॅपटॉपवर वाघ, अस्वल, रानगवे बघतात. एवढ्याशा कार्डात हजारो फोटो राहतात कुठे? आणि पडद्यावर पुन्हा चित्र होऊन येतात कसे? वर्गातल्या मुलांनी विचारलं, मला नीट सांगता आलं नाही.
(एक शिक्षक, सडक अर्जुनी तालुका)

उत्तर : गुरुजी, मुलांना आधी हे सांगा की त्या कार्डात एकही फोटो नसतो. कार्ड फोडून कितीही जबरदस्त सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तरी वाघाचा एक पट्टा सापडणार नाही. तिथे असतात आकडे, तेही विद्युतभाराच्या रूपात साठवलेले. चित्र तयार होतं ते कोणी फाइल उघडली म्हणजे, आणि दर वेळी नव्यानं. हे एकदा पटलं की पुढचं सगळं सोपं आहे.

सुरुवात झाडापासूनच करू. ट्रॅप कॅमेऱ्यात शरीराच्या उष्णतेवर चालणारा सेन्सर असतो. आसपासच्या हवेपेक्षा गरम असं काही समोरून सरकलं की तो कॅमेऱ्याला जागं करतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर गेला की हवा आणि जनावर यांच्या तापमानात फारसा फरक उरत नाही आणि सेन्सर गांगरतो. समोरून जनावर निघून जातं, फोटो येत नाही. उलट उन्हानं तापलेलं गवत वाऱ्यानं डोललं तरी फोटोमागून फोटो निघतात. कार्डातल्या हजारो फोटोंपैकी कितीतरी नुसत्या गवताचे असतात, हे कोणताही वनरक्षक सांगेल.

कॅमेरा जागा झाला की भिंगातून आलेला प्रकाश आतल्या दुसऱ्या, प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरच्या चकतीवर पडतो. या चकतीवर प्रकाश मोजणाऱ्या बारीक चौकोनांच्या रांगा असतात. जिथे प्रकाश जास्त तिथे जास्त इलेक्ट्रॉन सुटतात, जिथे कमी तिथे कमी. कॅमेरा प्रत्येक चौकोनात किती जमले ते मोजतो आणि आकडा लिहितो. पण चौकोनाला रंग कळत नाही, फक्त उजेड कळतो. म्हणून चौकोनांवर लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांच्या सूक्ष्म काचा बसवलेल्या असतात. त्यातल्या निम्म्या हिरव्या असतात, कारण माणसाचा डोळा हिरव्याच्या आसपासचे बारकावे सगळ्यात चांगले टिपतो. ही रचना कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची, १९७६ची. आजही बहुतेक कॅमेरे आणि फोन तिच्यावरच चालतात. शेजारपाजारच्या चौकोनांचे आकडे बघून कॅमेरा प्रत्येक ठिकाणचा पूर्ण रंग हिशेबानं काढतो, आणि शेवटी चित्रातल्या एकेका ठिपक्यासाठी तीन आकडे तयार होतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्यामधला.

समजा वाघाच्या अंगावरचा एक केशरी ठिपका आहे: २००, १२०, ५०. शेजारच्या काळ्या पट्ट्यातला ठिपका : ३०, २५, २०. असे तीन आकडे मिळून १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग लिहिता येतात. रात्रीच्या फोटोत मात्र तिन्ही आकडे सारखेच येतात, उदाहरणार्थ १४०, १४०, १४०, म्हणजे राखाडी. वाघ बुजू नये म्हणून रात्री कॅमेरा डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतो, आणि त्या प्रकाशाला आपल्या ओळखीचा रंगच नसतो. रात्रीचे वाघ काळे-पांढरे दिसतात ते यामुळे.

आता २०० हा आकडा यंत्राच्या भाषेत ११००१००० असा लिहितात. आठ जागा, प्रत्येक जागी एक किंवा शून्य. एका जागेला बिट म्हणतात आणि आठ जागांच्या गटाला बाइट. एका ठिपक्याला तीन आकडे म्हणजे तीन बाइट लागले. ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके आणि ३ कोटी ६० लाख बाइट, साधारण ३६ एमबी. (स्वस्त ट्रॅप कॅमेऱ्यांच्या खोक्यावरचे मेगापिक्सेल बऱ्याचदा फुगवलेले असतात. सेन्सरनं मोजलेले ठिपके कमी आणि मधे हिशेबानं भरलेले जास्त. पण ते असो.)

आता तुम्ही म्हणाल, कार्डात तर असा फोटो जेमतेम तीन-चार एमबीचा दिसतो, मग बाकीचं गेलं कुठे? इथे एका भारतीय माणसाची करामत आहे. बंगळूरमध्ये १९४० साली जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवत होते. चित्रातले आकडे एकेक करून लिहिण्याऐवजी, रंग कुठे हळूहळू बदलतो आणि कुठे झपाट्यानं, या रूपात लिहायची गणिती रीत त्यांना १९७२च्या सुमारास सुचली. संशोधनासाठी त्यांनी सरकारी निधी मागितला, तर कल्पना फारच साधी आहे म्हणून अर्ज परत आला. १९७४ साली टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ती रीत छापली. १९९२मध्ये जेपेग नावाची जी पद्धत ठरली, ती हिच्यावर उभी आहे. आज तुमच्या फोनमधला जवळजवळ प्रत्येक ‘गुड मॉर्निंग’ या साध्या कल्पनेतून पार होऊन आलेला असतो.

जेपेगमध्ये चित्राचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे तुकडे पाडतात. त्याआधी उजेड आणि रंग वेगळे काढलेले असतात, कारण डोळा उजेडातला फरक चटकन ओळखतो आणि रंगातल्या बारीक फरकाकडे काणाडोळा करतो. मग प्रत्येक तुकड्यातल्या ज्या बारकाव्यांवाचून डोळ्याचं काही अडत नाही ते आकडे सरळ गाळून टाकतात. आकाशाचा तुकडा असेल तर जवळजवळ सगळंच गळतं, पट्ट्यांची कड असेल तर बरंच राखावं लागतं. गाळलेलं परत येत नाही. तोच फोटो संपादन करून पुन्हापुन्हा सेव्ह केला, किंवा व्हॉट्सॲपवरून चार गावं फिरून आला, की त्यावर चौकटी-चौकटी उमटतात. त्या चौकटी म्हणजे हेच ८ गुणिले ८चे तुकडे. वाघाची ओळख पट्ट्यांच्या कडांवरूनच पटते, त्यामुळे वनविभागाला फॉरवर्ड होऊन आलेल्या फोटोपेक्षा कार्डातली मूळ फाइलच लागते.

आता कार्डाच्या आत शिरू. ट्रॅप कॅमेऱ्यात घालतात ते एसडी कार्ड ३२ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद असतं. फोनमधलं मायक्रोएसडी तर १५ गुणिले ११ मिलिमीटर, म्हणजे खरंच नखाएवढं. त्यातल्या सिलिकॉनच्या चिपवर अतिसूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याला सगळ्या बाजूंनी वीज न वाहू देणारी भिंत असते. लिहायचं असेल तेव्हा जोराचा व्होल्टेज देऊन इलेक्ट्रॉन या भिंतीतून आत ढकलतात. व्होल्टेज काढला की ते आतच अडकून पडतात. बॅटरी संपो, कार्ड कॅमेऱ्यातून बाहेर येवो, खिशात बसून दुचाकीवरून सालेकसा ते गोंदिया फिरो, इलेक्ट्रॉन हलत नाहीत. वाचायचं असेल तेव्हा कप्पा किती भरलाय ते तपासतात. रिकामा की भरलेला एवढंच पाहिलं तर एका कप्प्यात एक बिट मावतं. हल्लीच्या बऱ्याच कार्डांत भरण्याच्या आठ पातळ्या ओळखतात, म्हणून एका कप्प्यात तीन बिट मावतात. ३२ जीबीच्या कार्डाला २५,६०० कोटी बिट लागतात. म्हणजे सुमारे साडेआठ हजार कोटी कप्पे! इतके एका पातळीत बसेनात, म्हणून गेल्या दहा-बारा वर्षांत ते मजल्यांवर मजले चढवून रचायला लागले. कप्प्यांच्या या स्मृतीला फ्लॅश स्मृती म्हणतात. तिचा शोध जपानच्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात लावला.

भिंत कितीही पक्की असली तरी इलेक्ट्रॉन फार हळू का होईना झिरपतात, आणि उष्णतेत जरा जास्तच. शिवाय लिहा-पुसायच्या प्रत्येक खेपेला भिंत थोडी झिजते. आठ पातळ्यांच्या कप्प्याचं आयुष्य हजार-दोन हजार खेपांचं. कार्डातच एक छोटा नियंत्रक बसलेला असतो. तो आकड्यांसोबत पडताळ्याचे जादा आकडे लिहून ठेवतो आणि वाचताना निसटलेली बिटं त्यावरून दुरुस्त करतो. तुमच्या नकळत हे दर वेळी चालतं.

कार्ड लॅपटॉपमध्ये घातलं आणि फोटोवर दोनदा क्लिक केलं, की आकडे आधी रॅममध्ये उतरतात. रॅम म्हणजे कामापुरती स्मृती. तिचे कप्पे गळके असतात, इतके की सेकंदाचा सोळावा भाग उलटायच्या आत पुन्हापुन्हा भरावे लागतात. लाइट गेली आणि बॅटरीही बसली की रॅममधलं सगळं पुसलं जातं, कार्डातलं शाबूत राहतं. जेपेग फाइलचे पहिले दोन आकडे नेहमी २५५ आणि २१६ असतात. ते दिसले की संगणकाला कळतं की पुढे जेपेग चित्र आहे. मग तो अहमदांची रीत उलटी चालवून ८ गुणिले ८चे तुकडे जोडतो आणि प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे पुन्हा मांडतो.

साध्या लॅपटॉपच्या पडद्यावर १३६६ गुणिले ७६८ म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास ठिपके असतात. फोटोत तर १ कोटी २० लाख. म्हणून संगणक अकरा-बारा ठिपक्यांची सरासरी काढून एक ठिपका करतो. म्हणजे पूर्ण फोटो पडद्यावर कोणी कधी बघतच नाही, बघतो तो त्याचा गोषवारा. झुडपामागे बसलेला बिबट्या झूम केल्यावरच का दिसतो, याचं कारण हे आहे. ठिपक्यांचा हा अंतिम तक्ता रॅमच्या एका राखीव भागात लिहिला जातो. त्याला फ्रेमबफर म्हणतात. तिथून वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ओळीमागून ओळ वाचत पडदा रंगवतात, सेकंदाला साधारण ६० वेळा. स्थिर फोटो असला तरीसुद्धा! तुम्ही वाघाकडे मिनिटभर बघत बसलात तर तोच वाघ पडद्यावर ३,६०० वेळा रंगवलेला असतो.

वर्गात करण्यासारखा एक प्रयोग सांगतो. फोनवर पांढरं चित्र उघडा आणि पडद्यावर पाण्याचा अगदी लहान थेंब ठेवा, मोहरीपेक्षाही लहान. थेंब भिंगाचं काम करतो आणि त्याच्यातून लाल, हिरवे, निळे कण वेगवेगळे दिसतात. पांढरा रंग तिथे कुठेच नसतो, तो आपल्या डोळ्यात तयार होतो. २००, १२०, ५० म्हणजे लाल कण बराच उजळ, हिरवा मध्यम, निळा मंद. एवढंच.

हे सगळं सुरू होऊन फार काळ लोटलेला नाही. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या बाळाचा फोटो यंत्रानं वाचून पहिल्यांदा संगणकात उतरवला. १७६ गुणिले १७६ ठिपके, तेही काळे किंवा पांढरे. पुढे २०१८-१९च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३ फोटो निघाले. त्यांत वाघ होते फक्त ७६,६५१ फोटोंत. एवढा ढीग माणसानं चाळायचा तर पिढी जाईल, म्हणून आधी संगणक प्राणी वेगळे करतो आणि मग पट्ट्यांची जुळणी करतो. डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे सारखे नसतात, त्यामुळे गणनेत वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. तुमच्या मुलांनी ते जोडीनं बांधलेले पाहिले असतील, तर कारण हे. पूर्वी वाघाच्या पावलांचे ठसे काचेवर गिरवून किंवा प्लास्टरमध्ये घेऊन मोजणी चाले. त्यात एकच वाघ दोनदा मोजला जाण्याची सोय फार होती. नागझिऱ्यात जन्मलेला, उमरेड-कऱ्हांडल्यात नावारूपाला आलेला आणि २०१६ साली दिसेनासा झालेला ‘जय’ हा वाघ नंतर कुठल्या कार्डात उमटला असता, तर पट्ट्यांवरून तासाभरात ओळखू आला असता.

प्रश्न : कार्ड फोटोंनी भरलं की जड होतं का?
(नववीतली एक विद्यार्थिनी, आमगाव)

उत्तर : होतं म्हणायला हरकत नाही, पण तोलता येणार नाही. लिहिताना बाहेरून इलेक्ट्रॉन आणून भरत नाहीत, चिपमधलेच अडवून ठेवतात. अडवलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा थोडी जास्त असते, आणि ऊर्जा म्हणजे वस्तुमान हे आइनस्टाइननं सांगितलंच आहे. बर्कलीच्या विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ जॉन कुबियाटोविच यांनी २०११मध्ये हा हिशेब करून दाखवला. ४ जीबीचं पुस्तक-वाचनयंत्र पूर्ण भरलं तर एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचा अब्जावा भाग इतकं वजन वाढतं. कार्डावर बसलेला धुळीचा कणसुद्धा याच्यापेक्षा कितीतरी जड.

प्रश्न : आमच्या राइस मिलमध्ये सॉर्टेक्स मशीन काळे-पिवळे दाणे हवेनं उडवून बाजूला काढते. तिच्यात कॅमेरे आहेत म्हणतात. मग तीही फोटो काढून साठवते का? रोजचे किती फोटो होत असतील?
(एक वाचक, गोंदिया)

उत्तर : फोटो काढते, पण साठवत नाही, आणि मला वाटतं ट्रॅप कॅमेऱ्यापेक्षा हा मामला जास्त मजेदार आहे. तिथल्या कॅमेऱ्याला ठिपक्यांची एकच ओळ असते. दाणे तिरप्या नळीवरून घसरत खाली पडतात आणि पडता पडता कॅमेरा ती ओळ सेकंदाला हजारो वेळा वाचतो. दाणा पुढे सरकतो, ओळीखाली ओळ जमते आणि रॅममध्ये दाण्याचं चित्र पूर्ण होतं. मशीन त्यातले आकडे तुमच्या ऑपरेटरनं लावलेल्या मर्यादेशी ताडून बघते. ठिपके ठरलेल्यापेक्षा काळे, पिवळे किंवा खडूसारखे पांढरे निघाले की दाणा नापास. तोवर दाणा अजून हवेतच असतो. काही मिलिसेकंदांनी तो खालच्या नोझलसमोर येणार, नेमकी तेव्हा झडप उघडते आणि दाब दिलेल्या हवेचा फटका त्याला बाजूला उडवतो.

ते चित्र कोणीही बघत नाही. पुढच्या दाण्याचे आकडे त्याच जागेवर येऊन बसतात आणि आधीचा दाणा स्मृतीतून नाहीसा होतो. म्हणून ‘रोजचे किती फोटो’ या प्रश्नाला उत्तर नाही, तिथे फोटो नावाची वस्तूच शिल्लक राहत नाही. मशीनच्या पडद्यावर जो दाणा दिसतो, तो मर्यादा लावायला ऑपरेटरनं मुद्दाम थांबवून घेतलेला नमुना असतो. अरवा म्हणजे न उकडलेल्या तांदळाला लावलेली मर्यादा उष्ण्याला, म्हणजे उकड्या तांदळाला, चालत नाही, कारण उष्णा मुळातच पिवळसर असतो. अरव्याच्या आकड्यांवर चालवला तर मशीन चांगला मालही फेकून देईल. आणि हवेचा फटका शेजारच्या एक-दोन चांगल्या दाण्यांनाही लागतोच, म्हणून नापास माल पुन्हा एकदा फिरवतात. काचांवर कोंड्याची धूळ बसली की सगळेच आकडे खाली सरकतात. मशीन ‘वेडी झाली’ अशी तक्रार आली तर मेकॅनिकला फोन करायच्या आधी काच पुसून पाहावी.

प्रश्न : कार्डातले लग्नाचे फोटो चुकून डिलीट झाले. दुकानदार म्हणतो परत मिळतील. खरं आहे का?
(एक वाचक, तिरोडा)

उत्तर : बऱ्याचदा खरं आहे, पण तुम्ही त्यानंतर काय केलं त्यावर अवलंबून आहे. कार्डात सुरुवातीला एक यादी असते: कोणती फाइल कुठून सुरू होते. डिलीट म्हटलं की कॅमेरा फोटोच्या कप्प्यांना सहसा हात लावत नाही. यादीतल्या नावाचं पहिलं अक्षर बदलून तिथे २२९ हा आकडा लिहितो, म्हणजे ही जागा मोकळी समजावी. ग्रामपंचायतीच्या वहीत नावावर काट मारली म्हणून घर पडत नाही, तसंच हे. फोटो परत मिळवणारं सॉफ्टवेअर यादीकडे बघतच नाही. ते सगळे कप्पे ओळीनं वाचत २५५, २१६ कुठे आहे ते शोधतं आणि तिथून फाइल उचलतं. पण मोकळ्या ठरलेल्या जागेवर नवा फोटो लिहिला गेला, की जुना कायमचा गेला. तेव्हा ते कार्ड आत्ताच कॅमेऱ्यातून काढा, त्यावर एकही नवा फोटो घेऊ नका, आणि सापडलेले फोटो त्याच कार्डावर न उतरवता संगणकात घ्या.

फोनच्या स्वतःच्या स्मृतीतून फोटो गेला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आकडे कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात असतात आणि मोकळे झालेले कप्पे फोन स्वतःहून लवकर पुसतो, त्यामुळे दुकानदाराच्या हाती फारसं काही लागत नाही. मात्र बहुतेक फोन डिलीट केलेले फोटो निदान महिनाभर ‘ट्रॅश’ किंवा ‘रिसेंटली डिलीटेड’ या फोल्डरमध्ये ठेवतात. दुकानदाराला पैसे द्यायच्या आधी तिथे बघा, आणि सापडले तर लगेच दुसऱ्या एखाद्या डिस्कवर त्यांची प्रत काढून ठेवा.